रीलच्या मापाचं गाणं

घरच्या घरी ध्वनिमुद्रित केलेल्या मराठी गाण्यांचा अलीकडचा लोंढा ऐकताना एक गोष्ट डोक्यात जाते. गाणं बांधून झाल्यावर ते खपवायची चिंता पूर्वीही असे. आता ती चिंताच चाल बांधते. सुरुवातीचे वाद्यमेळाचे तुकडे गायब, मुखडा पहिल्या पाच सेकंदांत, अंतरा नावापुरता, आणि रील निघेल ती ओळ चारदा. जुन्या भावगीतांची 'अनप्लग्ड' कलेवरं काढणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको.

'स्वदेशी' या मुंबईच्या हिपहॉप गटाचं काम म्हणूनच वेगळं उठून दिसतं. २०१९ च्या 'द वारली रिव्होल्ट'मध्ये एमसी मवालीचं मराठी रॅप आणि मुंबईतल्या आरे जंगलातले आदिवासी प्रकाश भोईर यांचा आवाज एकत्र येतात. इथे जंगल हा नुसता देखावा नाही. ज्यांचं जंगल, ते गाण्यात आहेत. गाण्याला श्रोता आधीपासून होता, तो जाहिरातीने गोळा करावा लागला नाही. डॉ. आंबेडकरांवरच्या भीमगीतांची बाजारपेठही अशीच उभी राहिली. सहा डिसेंबरला, त्यांच्या स्मृतिदिनी, दादरच्या चैत्यभूमीबाहेरच्या स्टॉलवर गाणं मोठ्याने लावलेलं असे, माणूस थांबे, ऐके आणि कॅसेट, पुढे सीडी, पिशवीत टाकून गावी नेई. ऐकणं आणि विकत घेणं यांत हातभर अंतर असे, आणि त्या गाण्यांना कडव्यांची कंजुषी कधी करावी लागली नाही.

यावर रीलच्या बाजूने 'तांबडी चामडी'चा दाखला हमखास येतो. क्रेटेक्स आणि श्रेयसचं ते गाणं २०२४ मध्ये रीलांवरून जगभर गेलं, स्पिनिनसारख्या डच लेबलचा त्यावर शिक्का होता. गाणं झकासच आहे. पण एकाला लॉटरी लागली म्हणून तिकिटं घेणं हा व्यवसाय ठरत नाही. स्पॉटिफायने २०२४ पासून नियमच केला: बारा महिन्यांत हजार वेळा न वाजलेल्या गाण्याच्या ध्वनिमुद्रणाला मानधन शून्य. शिवाय 'डिस्कव्हरी मोड'मध्ये गाणं पुढे ढकलून हवं असेल, तर त्यातून आलेल्या मानधनातले ३० टक्के सोडायचे. म्हणजे गाणं आपलं, मुद्रण आपलं, आणि दलाली वर आपणच द्यायची! गाणी थेट विकता येणाऱ्या बँडकॅम्प या संकेतस्थळावर डिजिटल विक्रीतले १५ टक्के कापले जातात, पण किंमत कलावंत ठरवतो आणि घेणाऱ्याशी त्याची थेट गाठ पडते.

मराठी माणूस गाण्याला पैसे मोजत नाही, हा शेवटचा आक्षेप. हाच माणूस नाटकाचं तिकीट काढतो, दिवाळी अंक विकत घेतो. तिथे त्याच्याकडे पैसे मागितले जातात. इथे मात्र 'लाइक करा, शेअर करा' एवढंच. दीडशे रुपये मागायला संकोचणारा गायक महिनोन्महिने फुकट रील काढतो, याला प्रसिद्धी म्हणायचं की वेठबिगारी? स्वतंत्र गायकांनी आधी आपल्या गाण्याची किंमत लावावी, कार्यक्रम संपल्यावर दाराशी ते विकायला उभं राहावं, आणि वाचकहो, तुम्ही तिथून रिकाम्या हाताने बाहेर पडू नका.