स्मरणरंजन, समूहनिधी आणि विश्वासार्हता : नव्या ‘रेट्रो’ गेम कन्सोलच्या मोहिमांची चिकित्सा

१. प्रस्तावना

मराठी ग्रंथव्यवहाराला ‘प्रकाशनपूर्व सवलत’ ही योजना अपरिचित नाही. ग्रंथ छापून होण्याआधी वाचक पैसे भरतो, त्या रकमेतून कागदाचा आणि छपाईचा काही खर्च भागतो व ग्रंथ तयार झाल्यावर तो वाचकाच्या हाती पडतो. हा सारा व्यवहार प्रकाशकाच्या लौकिकावर उभा असतो. इंटरनेटमुळे असाच व्यवहार परस्परांना कधीही न भेटलेल्या, वेगवेगळ्या देशांत राहणाऱ्या माणसांमध्ये होऊ लागला, तेव्हा त्याला ‘क्राउडफंडिंग’ हे नाव मिळाले. प्रस्तुत लेखात त्यासाठी ‘समूहनिधी’ ही संज्ञा योजली आहे. २००८ मध्ये सुरू झालेले इंडिगोगो आणि २००९ मध्ये सुरू झालेले किकस्टार्टर ही अमेरिकी संकेतस्थळे या व्यवहाराची प्रमुख केंद्रे होत.

समूहनिधीतून आकाराला आलेल्या वस्तूंमध्ये ‘रेट्रो कन्सोल’ हा प्रकार विशेष लक्षवेधी आहे. १९८० च्या दशकातील व्हिडिओ गेम यंत्रांचे रूप, नाव किंवा खेळ घेऊन नव्याने तयार केलेले यंत्र म्हणजे रेट्रो कन्सोल. मूळ यंत्रांचा इतिहास प्रामुख्याने अमेरिका, ब्रिटन व जपान येथील आहे आणि पुढे चर्चिलेल्या मोहिमाही अमेरिका व ब्रिटनमधील आहेत. तरीही भारतीय वाचक या विषयापासून अगदीच दूर नाही. ब्रिटनमधील ‘झेडएक्स स्पेक्ट्रम’ या संगणकाची परवानाधारक आवृत्ती डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने भारतात आणली होती. नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायचे ‘कॅसेट’चे व्हिडिओ गेम आपल्याकडील मध्यमवर्गीय घरांतही पोहोचले होते. त्या पिढीतील मुले आज मिळवती झाली आहेत आणि या मोहिमांचे आवाहन नेमके अशाच वयाच्या माणसांना उद्देशून असते.

या मोहिमांवर विश्वास ठेवावा काय, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. प्रतिपादन थोडक्यात असे : रेट्रो कन्सोलच्या मोहिमेत भूतकाळ तारण म्हणून ठेवला जातो, परंतु तो भूतकाळ बहुधा तारण ठेवणाऱ्याच्या मालकीचा नसतो. म्हणून नाव, आठवण किंवा जमलेली रक्कम यांवरून विश्वासाचा निर्णय करता येत नाही. तो त्रयस्थाला तपासता येईल अशा कामावरूनच करावा लागतो.

२. नावाचा वारसा आणि कर्तृत्वाचा वारसा

या मोहिमांचे निवेदन लक्षपूर्वक वाचले असता त्यातील ‘परत येत आहे’ हा भाव प्रथम जाणवतो. अटारी परत येत आहे, कोलेको परत येत आहे, सिंक्लेअर परत येत आहे, अशी ही भाषा असते. प्रत्यक्षात परत येते ते केवळ नाव. ‘कोलेकोव्हिजन’ हे यंत्र १९८२ मध्ये काढणारी मूळ कोलेको कंपनी १९८८ मध्येच दिवाळखोरीत गेली. सिंक्लेअर हे नाव १९८६ मध्ये अ‍ॅमस्ट्रॅड कंपनीने विकत घेतले आणि २००७ मध्ये अ‍ॅमस्ट्रॅडच स्काय या दूरचित्रवाणी समूहाच्या मालकीची झाली. १९७२ मध्ये कॅलिफोर्नियात स्थापन झालेल्या अटारीचे नाव अनेक हात बदलून आज एका फ्रेंच कंपनीकडे आहे. जुने अभियंते, कारखाने व कार्यसंस्कृती यांचा वारसा नावाबरोबर हस्तांतरित होत नाही. तो विकण्याजोगा नसतोच.

तरीही ग्राहकाच्या मनात नाव आणि कर्तृत्व एकजीव झालेले असते. स्मरणरंजनाचे बळ येथेच आहे. एखाद्या अपरिचित कंपनीने सर्वस्वी नव्या यंत्रासाठी आगाऊ पैसे मागितले, तर आपण दहा प्रश्न विचारू. त्याच यंत्रावर बालपणीचे बोधचिन्ह दिसले की प्रश्नांची धार बोथट होते. साहित्यसमीक्षेत लेखकाच्या नावावरून कृतीचे मूल्य ठरवू नये, असे आपण विद्यार्थ्यांना सांगतो. हे तत्त्व येथेही तितकेच लागू पडते.

३. दाखवलेला नमुना आणि चालणारा नमुना

नावाइतकेच प्रभावी असते ते चित्र. संगणकावर रेखाटलेले, प्रत्यक्षात अस्तित्वात नसलेले यंत्र छायाचित्रासारखे हुबेहूब दिसू शकते. हा धोका ओळखून किकस्टार्टरने सप्टेंबर २०१२ मध्ये ‘आम्ही दुकान नाही’ अशी भूमिका जाहीर केली. यंत्रांच्या मोहिमांत अशी आभासी चित्रे वापरण्यास मनाई करून प्रत्यक्ष नमुना दाखवणे बंधनकारक केले. नियम स्तुत्य होता. परंतु दाखवलेला नमुना खरा कशावरून, हा प्रश्न त्याने सुटला नाही.

‘कोलेको कॅमेलिऑन’चे प्रकरण या दृष्टीने बोलके आहे. त्याचे पहिले नाव ‘रेट्रो व्हीजीएस’. त्यासाठी १९९३ च्या अटारी जॅग्वार या यंत्राच्या कवचाचे साचे विकत घेण्यात आले होते. मधल्या काळात हेच साचे दंतवैद्यकातील एका कॅमेऱ्याचे कवच बनवण्यासाठी वापरले गेले होते. २०१५ मध्ये इंडिगोगोवर सुमारे १९.५ लाख डॉलरचे उद्दिष्ट ठेवून मोहीम सुरू झाली. मात्र उद्दिष्टाचा अल्पसा भागच जमला. त्यानंतर कोलेको या नावाचा परवाना घेऊन तीच कल्पना नव्या नावाने मांडण्यात आली. फेब्रुवारी २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या खेळणी प्रदर्शनात यंत्र ‘चालताना’ दाखवले गेले. छायाचित्रे बारकाईने पाहणाऱ्या जाणकारांनी लवकरच दाखवून दिले की, कवचाआड निन्टेन्डोचे जुने ‘सुपर एनईएस’ असल्याच्या खुणा दिसत आहेत. पुढे पारदर्शक कवचातील नमुन्याचे छायाचित्र प्रसृत झाले. त्यातील सर्किट बोर्ड संगणकात बसवायचे, चित्रीकरण टिपणारे एक जुने कार्ड असल्याचे निष्पन्न झाले. नावाच्या मालकांनी नमुना तपासणीसाठी मागितला आणि मार्च २०१६ मध्ये प्रकल्पाशी असलेला संबंध तोडला. किकस्टार्टरवरील नियोजित मोहीम सुरूच झाली नाही.

कुणाचा हेतू काय होता, याचा निवाडा करण्याचे येथे प्रयोजन नाही. या प्रकरणाचा बोध पद्धतीविषयीचा आहे. बनाव उघडकीस आला तो संकेतस्थळाच्या नियमामुळे नव्हे. जुनी यंत्रे स्वतः उघडून पाहिलेल्या हौशी जाणकारांमुळे तो उघडकीस आला. ज्या स्मरणरंजनावर मोहिमेची भिस्त होती, त्याच स्मरणरंजनातून घडलेले ज्ञान तिच्या विरोधात उभे राहिले. आठवण भाबडी असू शकते, तशी ती चिकित्सकही असू शकते.

४. विलंब आणि फसगत यांतील भेद

मोहिमांविषयीची सर्वसाधारण तक्रार विलंबाची असते. विलंब हा मात्र अविश्वासाचा पुरेसा निकष नव्हे. ईथन मॉलिक यांच्या २०१४ मधील अभ्यासानुसार यशस्वी ठरलेल्या मोहिमांपैकी ७५ टक्क्यांहून अधिक मोहिमांनी वस्तू ठरल्या वेळेनंतर दिल्या. त्यांनीच २०१५ मध्ये किकस्टार्टरच्या पाठीराख्यांची पाहणी केली. तीत सुमारे ९ टक्के प्रकल्पांनी कबूल केलेली वस्तू दिलीच नाही, असे आढळले. म्हणजे उशीर हा नियम आहे आणि संपूर्ण अपयश हा अपवाद आहे; मात्र तो दुर्लक्ष करण्याइतका विरळ नाही.

हा भेद स्पष्ट करण्यासाठी एकाच वारशावर दावा सांगणाऱ्या दोन ब्रिटिश मोहिमांची तुलना उपयुक्त ठरते. ‘स्पेक्ट्रम वेगा प्लस’ या हातात धरून खेळण्याच्या यंत्रासाठी २०१६ मध्ये इंडिगोगोवर ५ लाख पौंडांहून अधिक रक्कम जमली. कंपनीचे आधीचे ‘वेगा’ हे यंत्र ग्राहकांना मिळालेले होते. मूळ स्पेक्ट्रमचे जनक सर क्लाइव्ह सिंक्लेअर हे कंपनीचे भागधारक होते. अशा स्थितीत विश्वास ठेवणाऱ्याला कोणी भाबडा म्हटले नसते. परंतु ‘वेगा’चा तांत्रिक आराखडा करणारा अभियंता २०१६ मध्येच कंपनीतून बाहेर पडला. संचालकांमधील वाद विकोपाला गेले, यंत्राच्या तारखा पुढे जात राहिल्या. २०१८ च्या मध्यावर थोडी यंत्रे पाठवली गेली. १,००० खेळांचे आश्वासन असताना त्यांत मोजकेच खेळ होते. त्याच वर्षी नावाचा परवाना गेला आणि २०१९ मध्ये कंपनी अवसायनात निघाली. पूर्वीचे यश कंपनीच्या नावे नोंदलेले होते. ते घडवणारी माणसे मात्र निघून गेली होती.

‘स्पेक्ट्रम नेक्स्ट’ची मोहीम २०१७ मध्ये किकस्टार्टरवर झाली. २.५ लाख पौंडांचे उद्दिष्ट असताना ७ लाखांहून अधिक पौंड जमले. यंत्र जानेवारी २०१८ मध्ये मिळणार होते, ते २०२० च्या आरंभी मिळू लागले. विलंब वेगा प्लसइतकाच लांबला. फरक असा की, ब्राझीलमधील अभियंत्यांनी घडवलेला सर्किट बोर्ड मोहिमेआधीच अस्तित्वात होता आणि चालत होता. कवचाचा आराखडा मूळ स्पेक्ट्रमचे अभिकल्पक रिक डिकिन्सन यांनी केला होता. केवळ बोर्ड मागणाऱ्या पाठीराख्यांना तो आधी पाठवण्यात आला. त्यामुळे यंत्राचा गाभा शेकडो स्वतंत्र हातांत तपासला गेला. अडचण कोठे आहे हे पाठीराख्यांना ठाऊक होते. कळफलकाच्या निर्मितीत दोष आहे, असे सांगणे आणि ‘लवकरच’ असे म्हणत राहणे या दोहोंत फार मोठे अंतर आहे.

५. देणगीदार, ग्राहक की भागीदार?

पैसे देणाऱ्याचे नेमके नाते काय, या संदिग्धतेतही या व्यवहाराचा दोष दडलेला आहे. तो ग्राहक नाही, कारण वस्तू अद्याप नाही. तो भागधारक नाही, कारण नफ्यात वाटा नाही. तो निव्वळ देणगीदारही नाही, कारण त्याला वस्तूची अपेक्षा आहे. मोहिमेची भाषा पैसे मागताना त्याला ‘कुटुंबातील सदस्य’ म्हणते आणि हिशेब विचारला की अटींकडे बोट दाखवते.

भागीदार झाल्याने हा प्रश्न सुटतो असेही नाही. ‘इंटेलिव्हिजन अमिको’ या यंत्राची घोषणा २०१८ मध्ये झाली आणि १० ऑक्टोबर २०२० ही तारीख दिली गेली. आगाऊ नोंदणीबरोबरच सामान्य गुंतवणूकदारांकडूनही समूहनिधीच्या मार्गाने भांडवल उभारण्यात आले. मे २०२४ मध्ये अटारीने इंटेलिव्हिजन हे नाव विकत घेतले, तेव्हा अमिको त्या व्यवहाराबाहेर राहिले. यंत्र तोवर बाजारात आलेले नव्हते. नाव एकीकडे आणि देणे दुसरीकडे, अशी ही फारकत होय.

‘अटारी व्हीसीएस’चे उदाहरण प्रस्तुत प्रतिपादनाला आव्हान देणारे म्हणून नोंदवणे आवश्यक आहे. मार्च २०१८ मध्ये पत्रकारांना दाखवलेले त्याचे नमुने चालू स्थितीत नव्हते. त्याच वर्षीच्या मोहिमेत सुमारे ३० लाख डॉलर जमले. पुढे प्रमुख तंत्रज्ञ प्रकल्प सोडून गेला. तरीही २०२० च्या अखेरीपासून यंत्रे पाठीराख्यांना मिळू लागली. म्हणजे न चालणारा नमुना हा अपयशाचा निश्चित पुरावा नव्हे; अन्य उत्पन्न असलेली कंपनी उशिरा का होईना, शब्द पाळू शकते. निकषांवरून जोखीम कळते, भविष्य कळत नाही.

यशस्वी मोहिमेचा अर्थही तपासून पाहावा लागतो. ‘ऊया’ या कन्सोलला २०१२ मध्ये ६३ हजारांहून अधिक पाठीराख्यांनी सुमारे ८६ लाख डॉलर दिले. यंत्र २०१३ मध्ये मिळाले; परंतु जून २०१९ मध्ये त्याची इंटरनेट सेवा बंद झाली. जुन्या काळचे कार्ट्रिज चाळीस वर्षांनंतरही चालते. सेवेवर विसंबलेले यंत्र मात्र सेवेबरोबर निकामी होत जाते. ‘रेट्रो’ म्हणवणाऱ्या यंत्राला हा प्रश्न अवश्य विचारावा.

६. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. नावाचा परवाना हा कर्तृत्वाचा दाखला नव्हे. मोहीम चालवणाऱ्यांच्या हाती नसलेला, स्वतंत्र जाणकाराने उघडून पाहिलेला चालू नमुना हा विश्वासाचा पहिला आधार होय. पूर्वीच्या यशाचे श्रेय ज्यांचे, ती माणसे आजही कामावर आहेत काय, हे पाहणे हा दुसरा. अडचणींचे नेमके, तपशीलवार निवेदन हा तिसरा. खेळांचे हक्क आणि नावाचा परवाना कोणाकडे व कोठवर आहे याची स्पष्टता हा चौथा. हे चारही आधार असले तरी दिलेली रक्कम परत न येण्याची शक्यता उरतेच. म्हणून गेली तरी घडी विस्कटणार नाही, इतकीच रक्कम द्यावी.

आपल्याकडे गावच्या लोकवर्गणीचा हिशेब फलकावर लिहिला जातो, कारण देणारा आणि घेणारा उद्या पुन्हा एकाच पारावर भेटणार असतात. समूहनिधीत असा पार नाही. तो उभारण्याचे काम प्रश्न विचारणाऱ्या पाठीराख्यांनाच करावे लागते. कॅमेलिऑनच्या वेळी काही हौशी जाणकारांनी ते केले आणि किकस्टार्टरवर एकही पैसा जमण्याआधी ती मोहीम थांबली.