सावे दादा : ‘पहिलेपणा’च्या पलीकडील छायाचित्रकार

प्रस्तावना

भारतीय चित्रपटाच्या इतिहासात हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर (१८६८–१९५८) ऊर्फ सावे दादा यांचा उल्लेख नियमाने येतो, पण तो बहुधा एका वाक्यात संपतो. चलच्चित्र टिपणारे पहिले भारतीय एवढे म्हटले की इतिहासकार दादासाहेब फाळके यांच्याकडे वळतात. त्यामुळे सावे दादा हे स्वतंत्र कर्तृत्वाचे कलावंत न राहता फाळके यांच्या आगमनाची केवळ पूर्वसूचना ठरतात. हे मूल्यमापन कितपत न्याय्य आहे आणि त्यांच्या कार्याला कोणता निकष लावणे योग्य ठरेल, याचा विचार येथे केला आहे.

छायाचित्रकार की संशोधक?

व्हिक्टोरियन काळात छायाचित्रकार हा अनेकदा संशोधकही असे. रसायने, भिंगे व यांत्रिक रचना यांचे ज्ञान असल्याशिवाय त्याचा व्यवसाय चालत नसे. इंग्लंडमधील विल्यम फ्रीझ-ग्रीन (१८५५–१९२१) हे याचे ठळक उदाहरण होय. व्यक्तिचित्रे काढण्याचा व्यवसाय करीत असतानाच त्यांनी १८८९ मध्ये मॉर्टिमर इव्हान्स यांच्यासह चलच्चित्र-कॅमेऱ्याचे पेटंट घेतले. प्रयोगांच्या खर्चापायी १८९१ मध्ये त्यांचे दिवाळे निघाले. त्यांच्या निधनानंतर १९४८ मध्ये गौरवपर चरित्र आणि १९५१ मध्ये ‘द मॅजिक बॉक्स’ हा चित्रपट आला आणि चलच्चित्राचे जनक अशी त्यांची प्रतिमा रूढ झाली. पुढील संशोधकांनी पुरावे तपासल्यावर हा दावा बराच आक्रसला. ‘पहिला कोण’ या प्रश्नाभोवती चरित्र रचले की त्याची प्रतिष्ठा एका तारखेवर टांगली जाते, हाच या उदाहरणाचा धडा आहे.

सावे दादा या अर्थाने संशोधक नव्हते, हे प्रथम स्पष्ट केले पाहिजे. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलमध्ये लुमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा खेळ झाला. त्यानंतर छायाचित्रणाच्या व्यवसायात असलेल्या सावे दादांनी इंग्लंडहून २१ गिनी किंमतीचा कॅमेरा मागविला. यंत्र परकीय होते, कच्ची फिल्म परकीय होती आणि चित्रित केलेली फिल्म धुण्यासाठीही लंडनला पाठवावी लागली. वसाहतीतील कलावंताच्या वाट्याला आलेली ही मर्यादा नाकारण्यात अर्थ नाही. त्यांना ओढूनताणून संशोधक ठरविणे म्हणजे फ्रीझ-ग्रीन यांच्या चरित्रकारांची चूक पुन्हा करणे होय. सावे दादांचे कर्तृत्व शोधायचे असेल तर ते यंत्रात नव्हे, विषयांच्या निवडीत शोधले पाहिजे.

विषयांची निवड

सावे दादांचा एकही चित्रपट आज उपलब्ध नाही. म्हणून चौकट, प्रकाशयोजना वा कॅमेऱ्याचे स्थान यांविषयी विधान करणे समीक्षेच्या शिस्तीत बसणार नाही. विषयांची नोंद मात्र हाती आहे आणि ती बोलकी आहे.

१८९९ मध्ये त्यांनी मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये पुंडलिक दादा व कृष्णा न्हावी यांची कुस्ती चित्रित केली. त्यानंतर माकडांना शिकविणारा मदारी त्यांनी टिपला. त्या काळी फिल्मची लांबी जेमतेम मिनिटभराची असे. मर्यादित जागेत घडणारी, पाहताक्षणी समजणारी हालचाल हे अशा फिल्मला साजेसे विषय होते. येथे व्यवसायाने छायाचित्रकार असलेल्या माणसाची व्यवहारी दृष्टी दिसते. त्याचबरोबर आखाडा आणि मदाऱ्याचा खेळ हे लोकांच्या नित्य परिचयाचे विषय होते. परदेशी आगगाडी किंवा समुद्रस्नान पाहिलेल्या प्रेक्षकाला पडद्यावर आपले जग पाहता येईल, ही जाणीव या निवडीमागे दिसते.

डिसेंबर १९०१ मधील चित्रण यापुढचे पाऊल होते. १८९९ मध्ये केंब्रिजला सीनियर रँग्लर ठरलेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे मायदेशी परतले, तेव्हा मुंबईत झालेले त्यांचे स्वागत सावे दादांनी टिपले. कुस्ती समजण्यासाठी बाहेरचे ज्ञान लागत नाही. या चित्रणाचा अर्थ मात्र चौकटीच्या बाहेर आहे. रँग्लर म्हणजे काय आणि एका भारतीयाने तो मान मिळविणे म्हणजे काय, हे ठाऊक असलेल्या समाजासाठीच ते आहे. करमणुकीकडून सार्वजनिक स्मृतीकडे झालेला हा प्रवास आहे.

मात्र येथे सावधगिरी आवश्यक आहे. १९०३ मधील लॉर्ड कर्झन यांचा दिल्ली दरबारही सावे दादांच्या कॅमेऱ्याने टिपला. केवळ परांजपे यांचे स्वागत पाहून त्यांना राष्ट्रवादी म्हणणे किंवा केवळ दरबार पाहून साम्राज्यनिष्ठ म्हणणे, दोन्ही एकांगी ठरेल. गर्दी जेथे जमते तेथे कॅमेरा नेणे हा छायाचित्रकाराचा धर्म त्यांनी पाळला. त्या काळाच्या मध्यमवर्गातील द्विधा निष्ठा या नोंदीत आपसूक उतरली आहे, आणि त्यांच्या कार्याचे ऐतिहासिक मूल्य तेथेच आहे.

दुसरी परंपरा

भिवंडी–वडपे परिसराला निकट असलेल्या कल्याणमध्ये याआधीच एक वेगळा प्रयोग झाला होता. महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ पासून ‘शांबरिक खरोलिका’ हे मॅजिक लँटर्नचे खेळ सुरू केले. हाताने रंगविलेल्या काचा पुढेमागे सरकवून पडद्यावर हालचालीचा भास निर्माण केला जाई आणि निवेदन व संगीताच्या साथीने पौराणिक कथा सांगितली जाई. तंत्र आयात असले तरी नाव, कथा, चित्रे व सादरीकरण सर्वस्वी येथले होते. परक्या साधनातून स्वतःचे माध्यम घडविण्याची ही कल्पकता पेटंटच्या मोजपट्टीत मावत नाही.

पटवर्धन यांनी प्रकाशातून कथा सांगितली, सावे दादांनी प्रकाशातून घटना नोंदविली. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला. तो पौराणिक कथेच्या प्रवाहाला जवळचा होता आणि पुढे तोच मुख्य प्रवाह बनला. नोंदीचा प्रवाह वार्तापट व माहितीपट या नावांनी दुय्यम राहिला. सावे दादांची उपेक्षा ही एका व्यक्तीची नसून एका चित्रप्रकाराची उपेक्षा आहे.

समारोप

सावे दादांनी पुढे चित्रणाचा व्यवसाय सोडला आणि ते गेटी थिएटरच्या व्यवस्थापनाकडे वळले. कथापट न केल्यामुळे त्यांचे कार्य अपूर्ण ठरत नाही. त्यांना ‘फाळक्यांच्या आधीचे’ म्हणण्याऐवजी माहितीपटाच्या परंपरेचे आरंभकर्ते म्हणून पाहिले, तर त्यांचे योगदान स्वतःच्या निकषावर उभे राहते. फिल्म नष्ट झाल्या तरी एका मराठी छायाचित्रकाराने आपल्या काळातले काय जपण्याजोगे मानले, हे कळते. महाविद्यालयीन अभ्यासक्रमांत चित्रपटाचा इतिहास शिकविताना १९१३ पासून आरंभ करण्याची प्रथा या दृष्टीने तपासून पाहणे आवश्यक आहे.