‘कृपापूर्ण’ की ‘कृपा पावलेली’? एका शब्दावर किती भार टाकायचा

मी घोडबंदरला राहतो. खाडीपलीकडे वसई, इकडे उत्तन, त्यामुळे कॅथलिक मित्र शाळेपासूनचे. त्यांच्या प्रार्थनेत मारिया ‘कृपापूर्ण’ असते. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत वाचल्या जाणाऱ्या बायबल सोसायटीच्या मराठी बायबलमध्ये मात्र लूक १:२८ ला देवदूत तिला ‘कृपा पावलेली’ म्हणतो. मूळ ग्रीक शब्द एकच : केखारितोमेने. मग भांडण कशाचं?

आधी डेटा बघू. ‘खारितोओ’ म्हणजे कृपा करणे. त्याचं हे पूर्णकाळातलं कर्मणी, स्त्रीलिंगी कृदंत. म्हणजे कृपा कुणीतरी केली, ती करून झाली आणि तिचा परिणाम टिकून आहे. ‘पूर्ण’ हा शब्द यात कुठेच नाही. तो लॅटिन बायबलमधल्या ‘ग्रातिया प्लेना’मधून आला. मार्टिन ल्यूथरने १५३० मध्ये याच शब्दयोजनेची टिंगल केली होती. त्याला ती बिअरने भरलेल्या पिंपासारखी वाटली.

कॅथलिक बाजू म्हणते, हे संबोधन जवळजवळ नावासारखं आहे, त्यामुळे ही कृपा विशेष आहे. १८५४ मध्ये पोप नववे पायस यांनी मारियेच्या निष्कलंक गर्भधारणेचा सिद्धांत जाहीर केला, त्यातही या अभिवादनाचा आधार घेतला आहे. मुद्दा हलका नाही. पण पूर्णकाळ फक्त टिकलेला परिणाम सांगतो. कृपा कधी सुरू झाली ते सांगत नाही. शिवाय हेच कृदंत पुल्लिंगात सिराख १८:१७ मध्ये एका साध्या सज्जन माणसासाठी आलंय. गंमत म्हणजे सिराख कॅथलिक बायबलमध्ये आहे, प्रॉटेस्टंट बायबलमध्ये नाही!

प्रॉटेस्टंट बाजू इफिसकरांस पत्र १:६ दाखवते : तिथे हेच क्रियापद सगळ्या विश्वासणाऱ्यांसाठी आहे, मग मारियेचं वेगळं काय? इथेही घाई होते. क्रियापद तेच असलं तरी रूप वेगळं आहे, आणि ते कुणाला मारलेली हाक नाही.

आता मराठीकडे. माझ्या मते ‘पावलेली’मधलं ‘-लेली’ ग्रीक पूर्णकाळाच्या खूप जवळ जातं : क्रिया झाली, अवस्था उरली. पण ‘पावणे’मुळे कृपा करणारा मागे पडतो, मिळवणारी पुढे येते. ‘कृपापूर्ण’मध्ये आदर आणि शतकांची परंपरा आहे, पण झालेली क्रिया दिसत नाही आणि मूळात नसलेलं माप येतं. शब्दाशी इमान या कसोटीवर मी ‘कृपा पावलेली’ निवडेन. प्रार्थनेची कसोटी वेगळी, तिथे माझं मत गौण.

हे विज्ञानाच्या विद्यार्थ्याने का वाचावं? माझ्या पहिल्या ड्राफ्टमध्ये मी एका अभिक्रियेबद्दल ‘पूर्णपणे’ असं लिहिलं होतं. गाइडनी त्या शब्दाभोवती गोल करून विचारलं, “हे मोजलंस का?” मोजलं नव्हतं. आधीपासून माझा तसा विश्वास होता, एवढंच.

विश्वास असायला हरकत नाही. मारियेबद्दलचा कॅथलिक विश्वासही या एका शब्दावर उभा नाही, त्यामागे मोठी परंपरा आहे. फक्त निरीक्षण कुठे संपतं आणि परंपरा किंवा गृहीतक कुठे सुरू होतं, ती रेघ वाचणाऱ्याला दिसली पाहिजे. तुमच्या सिनॉप्सिसमध्ये ती दिसते का, एकदा बघा.