जवारी कुणाची? मिरजेचे तंबोरे आणि आपली संगीतसमीक्षा

सातारा-सांगलीकडच्या कलांबद्दल बोलायचं आणि मिरजेला वगळायचं, हे शक्य नाही. पण मिरज म्हटलं की आपण लगेच गाण्याकडे वळतो. आज गाणं थोडं बाजूला ठेवू आणि गवयाच्या पाठीमागे जो तंबोरा असतो, त्याच्याकडे बघू.

कुठलीही मैफल आठवा. निवेदक गायकाची ओळख करून देतो, गुरुपरंपरा सांगतो. तबल्यावर कोण, पेटीवर कोण, तंबोऱ्यावर बसलेल्या शिष्यांची नावं, अलीकडे तर ध्वनिव्यवस्था कुणाची तेही सांगतो. तंबोरा कुणी घडवला, त्याची जवारी कुणी लावली, हे तेवढं राहून जातं. परीक्षणात ‘तंबोरे सुरेल जुळले होते’ एवढं वाक्य आलं तरी नशीब म्हणायचं. आमचा आक्षेप या वाक्यावर आहे. ते खोटं नसतं, पण त्यात माणूसच नसतो.

मिरजेतल्या या धंद्याची सुरुवात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर, फरीदसाहेब आणि मोइनुद्दीन यांच्यापासून सांगितली जाते. घराणं शिकलगारांचं, म्हणजे हत्यारांना धार आणि झिलई देणाऱ्यांचं. तलवारींचं काम संपत आलं आणि ही मंडळी सतारी-तंबोऱ्यांकडे वळली. तलवारीचा हात सुरांकडे वळला, हे वाक्य मिरजेवरच्या प्रत्येक लेखात असतं, आम्हीही ते म्हणून घेतलं. पण हात वळला म्हणून काम जमतं असं नाही. ते जमायला दारात जाणकार गिऱ्हाईक लागतं, आणि मिरजेत ते होतं. पटवर्धन संस्थानिकांचा आश्रय होता. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर इथे शिकवत होते, विष्णु दिगंबर पलुसकर त्यांच्याकडे इथेच शिकले आणि पुढे १९०१ साली त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले, हिराबाई बडोदेकरांचा जन्म इथलाच. १९३७ साली खाँसाहेब गेले, त्यांची कबर मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात आहे आणि त्यांच्या स्मरणार्थ उरुसात आजही गाणं होतं. खाँसाहेब स्वतः वाद्यदुरुस्तीत वाकबगार होते, ही गोष्ट चरित्रात कौतुकाची म्हणून येते. आम्हाला ती त्याहून मोठी वाटते. किराणा घराण्याचा मूळपुरुष मानला जाणारा गवय्या कानस हातात घ्यायला कमीपणा मानत नव्हता. त्याच घराण्याच्या सुरेलपणावर आपण पानंच्या पानं लिहितो आणि त्यात कानस कुठे येत नाही.

आता थोडं वाद्याबद्दल. भोपळे येतात पंढरपूर-मंगळवेढ्याकडून, भीमेच्या काठचे. खायचे नव्हेत, कडू जातीचे, जाड सालीचे. ते महिनोन्‌महिने वाळवायचे, मग कापून, भिजवून हवा तो आकार द्यायचा. दांडी आणि तबली तुणीच्या लाकडाची. सांधे सरसाने जोडायचे, वर नक्षी, पॉलिश, खुंट्या, मणके. हे सगळं डोळ्यांना दिसतं, म्हणून वर्तमानपत्रात फोटो येतो तो याचाच. खरं काम शेवटी असतं आणि त्याचा फोटो निघत नाही.

तबलीवर जी घोडी बसते, तिचा माथा सपाट दिसतो, पण तो तसा नसतो. त्याला अगदी किंचित बाक असतो. तार त्या बाकावरून निघते आणि कंप पावताना त्याला पुन्हा पुन्हा स्पर्श करते. तो स्पर्श नेमका जुळला की एका तारेतून षड्जाबरोबर बाकीचे स्वर झिरपायला लागतात. हीच जवारी. बाक केसभर जास्त झाला तर आवाज बोदा, मुका. कमी झाला तर नुसती खरखर. चार तारांची चार ठिकाणं वेगळी घासावी लागतात, कारण खर्जाची तार पितळेची आणि जाड, जोडाच्या तारा पोलादाच्या आणि बारीक. मग तारेखाली सुताचा दोरा सरकवून शेवटचं माप घ्यायचं. मोजायला पट्टी नाही. घासायचं, तार चढवायची, ऐकायचं, उतरवायची, पुन्हा घासायचं. एक घासा जास्त झाला तर तो परत भरून येत नाही.

सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली या घोडीवर शोधनिबंध लिहिला. युरोपातल्या शास्त्राचा नियम असा की तार जिथे छेडली तिथे ज्या उपस्वराचा स्थिर बिंदू पडतो, तो उपस्वर ऐकू येता कामा नये. रामन यांनी दाखवलं की तंबोऱ्यात आणि वीणेत तो येतो, आणि येतो तो घोडीच्या या बाकामुळे. जे प्रयोगशाळेला नियमाचा अपवाद वाटलं, ते मिरजेतल्या गल्लीत रोजचं काम होतं.

याच्या शेजारी सांगलीची आणखी एक गोष्ट ठेवू. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० साली बावीस श्रुतींवर पुस्तक काढलं, त्यासाठी खाँसाहेबांच्या गळ्याची मदत घेतली. पुढे क्लेमंट्स नावाच्या इंग्रज न्यायाधीशांनी त्या आधारावर श्रुतींची पेटी करवून घेतली. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत ती दाखवली, पण परिषदेला पटली नाही. देवलांची मेहनत आम्ही मानतो, त्यांची चेष्टा करणार नाही. एवढंच म्हणतो की त्या पेटीवर आपल्याकडे लेख आहेत, वाद आहेत, नावं आहेत. त्याच काळात शेजारच्या गावात कानाने श्रुती काढणाऱ्या हातांवर काय आहे? समीक्षेला कागदावरचा सूर दिसतो, लाकडावरचा दिसत नाही.

आता आजचं. १९७० च्या दशकाच्या शेवटी बंगळूरूला इलेक्ट्रॉनिक तंबोरा आला, आता तर मोबाईलवर अ‍ॅप आहे. त्याला नावं ठेवणं सोपं आहे, आम्ही ठेवणार नाही. दोन खोल्यांच्या घरात राहणाऱ्या मुलीला चार-साडेचार फुटांचं वाद्य ठेवायला जागा नसते, एस.टी.ने क्लासला जाताना ते नेता येत नाही. तिच्या हातात षड्ज आला, हे चांगलंच झालं. पण त्या डब्यात जवारी कायमची ठरलेली असते. हवा दमट झाली, तार उतरली, पंचम हलला, असं काही त्यात होत नाही, म्हणून कानाला दुरुस्त करायला काही उरत नाही. आणि जवारी लावणारा शिकतो कशावर? ‘खुली झाली, जरा बंद करा’, ‘जोड बोलतोय, खर्ज बोलत नाही’ असं सांगणाऱ्या गवयावर. तो गवय्याच डब्यावर तयार झाला तर उद्या तक्रार कोण करणार? गिऱ्हाईक संपणं ही धंद्याची अडचण आहे. तक्रार करणारा कान संपणं ही कलेची अडचण आहे, आणि आम्हाला भीती आहे ती दुसरीची.

२०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. आनंद आहे. दुसरीकडे केलेलं वाद्य मिरजेचं म्हणून विकणाऱ्यांना चाप बसायला मदत होईल. मात्र मानांकन गावाचं नाव राखतं, हाताचं नाही. इटलीतल्या क्रेमोनाचं बघा. त्या गावाच्या व्हायोलिन घडवण्याच्या कलेला युनेस्कोने २०१२ साली आपल्या यादीत घेतलं. पण त्याच्या कितीतरी आधीपासून तिथल्या व्हायोलिनच्या पोटात कारागिराच्या नावाची चिठ्ठी आहे. स्ट्राडिव्हारी १७३७ साली गेला, आणि आजही वादकाच्या परिचयात तो कुणाचं व्हायोलिन वाजवतो हे लिहितात. आपल्याकडेही वाद्यावर दुकानाचा शिक्का असतो. तो तबलीवरून निवेदनात येत नाही, एवढंच.

‘कारागिरांना कलाकार म्हणा’ अशी एक मागणी अधूनमधून होते. शाल-श्रीफळ दिलं की ती पुरीही होते. आम्ही तिच्या बाजूचे नाही. कलाकार म्हणायचं असेल तर त्यांच्या कामाची समीक्षा करावी लागेल, म्हणजे दोषही सांगावे लागतील. सांगायचंच तर आम्ही सांगतो: आज बाजारात असे तंबोरे मिळतात की ज्यांच्या नक्षीवर जेवढे दिवस गेले, त्याच्या निम्मेही जवारीवर गेलेले नाहीत. पानंफुलं सुरेख, आणि खर्ज छेडला की लाकूड बोलतं. काही जवाऱ्या मुद्दाम इतक्या खुल्या ठेवतात की दुकानात चमक वाटते, मैफलीत अर्ध्या तासात खरखर सुरू होते. हा गिऱ्हाइकाच्या घाईचाही दोष आहे. उलट याच मिरजेत असेही तंबोरे होतात की ज्यांचा आवाज खोली भरतो आणि कानावर येत नाही, गाणाऱ्याला सूर लावावा लागत नाही, त्यात शिरावं लागतं. दोन्ही मिरजेचेच. पहिल्याला वाईट म्हणायची भाषा आपल्याकडे नसेल, तर दुसऱ्याची आपली स्तुती त्या माणसाच्या काय उपयोगाची?

म्हणून परीक्षण लिहिणाऱ्यांना आमचं सांगणं असं की मैफलीच्या आधी दहा मिनिटं पोचा, तंबोरे जुळताना ऐका. स्त्रीच्या पट्टीचा लहान तंबोरा आणि पुरुषाच्या पट्टीचा मोठा भोपळा यांची जवारी कशी वेगळी बोलते ते लिहा. औंधचा उत्सव असो की मिरजेचा उरुस, आयोजकांनी पत्रिकेत साथीदारांच्या नावांखाली एक ओळ वाढवावी: तंबोरे अमुक यांचे, जवारी अमुक यांची. आणि जवारी बिघडलेली असेल तर परीक्षणात तेही लिहा, नावासकट.