ओलीवरचा शाळू

सोलापूर, मोहोळ, मंगळवेढ्याकडचा शाळू, म्हणजे रब्बी ज्वारी, बहुतेकांना भेटतो तो हुरड्याच्या दिवसांत. तेव्हा कणसाचे कौतुक होते आणि ते रास्तही आहे. पण रोपाची खरी कारागिरी तोवर पार पडलेली असते. ती पाहायची तर पेरणीपासून त्याच्याबरोबर राहावे लागते. भाद्रपदातला मोठा पाऊस ओसरतो, काळ्या रानात पाभर चालते आणि त्यानंतर आकाशाकडून फारशी आशा नसते. मीटरभर खोल काळ्या जमिनीत पिकाला ओढून घेता येईल असे पाणी असते साधारण 150 ते 200 मिलिमीटर. तेवढ्यावर उगवायचे, वाढायचे, निसवायचे आणि दाणा भरायचा.

सुरुवात मुळांपासून करू. गव्हाच्या किंवा मक्याच्या दाण्यातून एकापेक्षा अधिक मुळे निघतात. ज्वारीचा दाणा एकच मूळ सोडतो. बाकीचा सारा संभार नंतर बुंध्याच्या पेरांवरून सुटतो. या मुळ्या किती तिरक्या निघतात, याकडे बारकाईने पाहावे. कोन पसरट असेल तर त्या वरच्या थरात हिंडतात, आणि रब्बीत तोच थर आधी वाळतो. कोन उभट असेल तर त्या दीड मीटर, कधी त्याहूनही खाली पोचतात. ओल दिवसागणिक खाली सरकत असते आणि मूळ तिच्या मागोमाग जात असते. जमिनीखाली, कोणाला न दिसता चाललेला हा पाठलाग मला या पिकातली सर्वांत देखणी गोष्ट वाटते.

वर मात्र महिनाभर विशेष काही घडताना दिसत नाही. पाने येत राहतात, पण ज्या कोंबातून पुढे खोड आणि कणीस घडायचे तो मातीच्या पातळीखालीच दडलेला असतो. या काळात ताण पडला तर रोप मरत नाही, नुसते थबकते; ओल मिळाली की पुन्हा वाढीला लागते. फुलोरा लांबणीवर टाकण्याची मुभाही त्याला असते. फुलोऱ्यानंतर ती उरत नाही, म्हणून ती आधीच वापरून घेण्यात शहाणपण आहे.

आता पानाला हात लावा. खोडाला लपेटलेल्या भागावरून बोट फिरवले की पांढरी भुकटी बोटाला लागते. ते मेण आहे. त्यामुळे ऊन परतते आणि पानाच्या कातडीतून झिरपणारे पाणी अडते. हे मेण नसलेली ज्वारी पाणी जास्त गमावते. दुपारी तीच पाने मिटू लागतात. पानाच्या वरच्या अंगाला, मधल्या शिरेलगत मोठ्या फुगीर पेशींच्या ओळी असतात. पाणी कमी झाले की त्या आक्रसतात, पान सुरळीसारखे वळते आणि उन्हाला सामोरे जाणारे अंग घटते. पेशींच्या आत आणखी एक सूक्ष्म हालचाल चालू असते. ताण वाढतो तसे रोप साखरा आणि क्षार पेशींत साठवते, त्यामुळे कोरड्या होत चाललेल्या मातीतूनही पाणी ओढता येते आणि पान ताठ राहते.

गेल्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अमेरिकेत कोलोरॅडोतल्या ॲक्रन इथे ब्रिग्ज आणि शँट्झ यांनी कुंड्यांत पिके वाढवून त्यांनी प्यालेले पाणी मोजले. किलोभर कोरडे वजन कमवायला ज्वारीला तीनशेच्या आसपास लिटर लागले, गव्हाला पाचशेच्या आसपास. कर्बवायू पानातच गोळा करून वापरण्याची ज्वारीची निराळी पद्धत यामागे आहे.

पण थोडे पिणे एक आणि योग्य वेळी पिणे दुसरे. रसिकाने थांबावे ते इथे. काही ज्वाऱ्यांची पाने दाणा भरेपर्यंत हिरवी राहतात. पाहणाऱ्याला वाटते, शेवटच्या दुष्काळाशी झुंजण्याचे बळ त्यांच्यात आहे. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडमध्ये अँड्र्यू बोरेल आणि सहकाऱ्यांनी या हिरवेपणाचा माग काढला, तो फुलोऱ्याच्या कितीतरी आधीपर्यंत गेला. या रोपांनी फुटवे कमी काढले होते, वरची पाने लहान ठेवली होती. पसारा आवरल्यामुळे जमिनीत जे पाणी उरले, ते दाणे भरताना कामी आले. फुलोऱ्यानंतरचे पाणी फार मोलाचे असते, कारण त्यावर कमावलेले जवळपास सगळे दाण्याकडे वळते. न काढलेल्या फुटव्यात पुढचा दाणा पाहणारी ही वाढ अजोड आहे.

शेतकऱ्याला हे सूत्र त्याच्या कामातून ठाऊक आहे. तिसरी कोळपणी दातेरी कोळप्याने करतात, ती तणासाठी कमी आणि भेगा बुजवण्यासाठी जास्त. काळी जमीन वाळताना फाटते आणि त्या भेगांतून खालची ओल उडून जाते. रोपाने वाचवलेले पाणी भेगेवाटे जाऊ नये, म्हणून माणूस तेवढे करतो. मोहोळला स्थानिक मालदांडीतून निवडलेली ‘मालदांडी 35-1’ ही जात इतकी वर्षे टिकून आहे, ती याच रानांच्या मापाने घडलेली असल्यामुळे.

शेवटी कणीस. ते शेंड्याकडून खाली फुलत येते, म्हणजे वरच्या दाण्यांना भरायला आधी सुरुवात मिळते. ओल अपुरी पडली तर खालचे दाणे बारीक राहतात, पण वरच्या टोकाला पुरे भरलेले, रुजण्याजोगे काही तरी निघतेच. पाने थकली की रोप खोडात साठवलेली साखरही कणसाकडे पाठवू लागते. ताण फार झाला तर खोड आतून इतके रिते होते की खडखड्या शिरतो, बुंधा पोकळ होऊन ताट आडवे पडते. कडब्याचे नुकसान होते. तरी पडलेल्या ताटाचे कणीस हातात घेऊन शेंड्याकडचे दाणे सोलून पाहावेत. खोडाने जाता जाता काय पोचते केले, ते तिथे दिसते.