नट-बोल्टाचे पुस्तक आणि सँडपेपरचे पुस्तक

कलावंताचे पुस्तक म्हणजे कलावंताविषयीचे सचित्र पुस्तक नव्हे. कागद, बांधणी, आकार आणि स्पर्श यांतूनच जिथे आशय घडतो, असे पुस्तक हीच एक कलाकृती असते. वर्कशॉपमध्ये वावरणाऱ्या माझ्यासारख्या शिक्षकाचा अशा पुस्तकाला एकच प्रश्न असतो: वेगळे साहित्य वापरले खरे, पण ते काही काम करते का?

फोर्तुनातो देपेरो या इटालियन फ्युचरिस्ट कलावंताचे ‘देपेरो फुतुरिस्ता’ १९२७ साली मिलानहून प्रसिद्ध झाले. त्याची पाने शिवलेली नाहीत, चिकटवलेलीही नाहीत. ॲल्युमिनियमच्या दोन मोठ्या बोल्टांनी ती आवळली आहेत. यंत्राचे गोडवे गाणाऱ्या चळवळीला हे शोभतेच. पण वेल्डिंग किंवा रिव्हेट हा कायमचा जोड आणि बोल्ट हा सुटणारा जोड, हे आपण पहिल्याच वर्षी शिकतो. नट सैल करा, पान काढा, भिंतीवर लावा, क्रम बदला. मजकूरही आडवा-उभा कसाही धावतो, म्हणून वाचताना पुस्तकच फिरवावे लागते. येथे बोल्ट हा दागिना नाही. उणीव आहे ती आत: बराचसा भाग देपेरोने स्वतःच्याच कामाची केलेली जाहिरात आहे.

गी दबोर आणि आस्गर यॉर्न यांचे ‘मेम्वार’ (१९५९) याच्या उलट आहे. नाव ‘आठवणी’, पण त्यात दबोरचे स्वतः लिहिलेले वाक्य नाही. इकडून-तिकडून कापलेली वाक्ये आणि चित्रे पानांवर विखुरलेली, आणि त्यांवर यॉर्नच्या रंगीत शाईचे ओघळ. वेष्टन सँडपेपरचे! फळीवर ठेवले की शेजारच्या पुस्तकांना ओरखडे. मला हा आधी निव्वळ खोडसाळपणा वाटला होता. आता वाटते, मिटलेले असतानाही काम करणारे पुस्तक विरळाच. अर्थात संग्रहालयाने ते पेटीत ठेवले की ते कामही थांबते.

माझी खरी तक्रार दुसरी आहे. कोलाजमध्ये चिकटवलेल्या तुकड्याची कड बोटाला लागते. ‘मेम्वार’ छापलेले असल्यामुळे आतली पाने गुळगुळीत आहेत. खरखर फक्त बाहेर. सगळे शब्दच उसने असताना मूळ कात्रणाचा आग्रह कशाला, असा बचाव करता येतो. तो मला अर्धाच पटतो, कारण स्पर्शाचा विषय वेष्टनाने स्वतःच काढला आहे.