गाणं कुणाचं, नाव कुणाचं? पिंक फ्लॉइडच्या चाहत्यांविषयी



हिंगोलीत व्याख्यान आणि विषय पिंक फ्लॉइड, हे पत्रिकेवर वाचून काहींना हसू आलं असेल. आम्हाला त्याचं नवल नाही. लंडनचा बँड, १९६५ साली सुरू झालेला, भाषा इंग्रजी. आपल्याकडे गाण्याचे वेडे कमी नाहीत, पण ते भजनाचे, भीमगीतांचे, कव्वालीचे, सिनेमाच्या गाण्यांचे. तरीही पन्नास वर्षांपूर्वीच्या एका इंग्रजी रेकॉर्डवर जीव असलेली चार माणसं या गावातही आहेत. आम्ही त्यातलेच. म्हणून आज आपलीच थोडी झाडाझडती घ्यायची आहे. एखाद्या बँडवरचं प्रेम इतकी वर्षं टिकतं कसं, हा एक प्रश्न. आणि टिकलेलं प्रेम नेहमी चांगलंच असतं का, हा दुसरा. आम्हाला दुसरा जास्त छळतो.

आधी आम्ही हे ऐकलं कसं, ते सांगतो. वीसेक वर्षांपूर्वी एमपीथ्रीच्या सीडी मिळायच्या. एका सीडीत शंभर-दीडशे गाणी, वर स्केच पेननं लिहिलेलं नाव. तशा एका सीडीत १९७३ चा ‘द डार्क साइड ऑफ द मून’ होता. कॉम्प्युटरनं त्यातली दहाही गाणी एबीसीडीच्या क्रमानं लावून ठेवलेली. आता हा अल्बम असा आहे की तो हृदयाच्या ठोक्यांनी सुरू होतो आणि ठोक्यांवरच संपतो. मधली ४३ मिनिटं एकातून दुसरं निघावं तशी बांधलेली. आमच्या सीडीत शेवट चौथ्या नंबरला होता आणि सुरुवात सातव्या. म्हणजे माणूस आधी मरायचा आणि तीन गाण्यांनी जन्माला यायचा! कित्येक महिने आम्ही हा अल्बम असाच उलटासुलटा ऐकला, आणि तरीही त्यात अडकलो.

का अडकलो? शब्द तर निम्मे कळत नव्हते. सगळ्यात आधी आवडलं ते ‘द ग्रेट गिग इन द स्काय’, कारण त्यात गायला शब्दच नाहीत. एक बाई नुसत्या स्वरांत रडते, भांडते, दमते आणि शांत होते. त्याला डिक्शनरी लागत नाही. मग ‘मनी’. आमच्यातला एक जण भजनी मंडळात पखवाज वाजवायचा. त्यानं मांडीवर बोटं आपटत मोजलं आणि म्हणाला, “सात मात्रा हायेत की रे ह्याच्यात!” बरोबर होतं. रूपकाची विभागणी नाही, पण मात्रा सातच. आणि गिटारचा सोलो सुरू झाला की तेच गाणं चार मात्रांवर येतं, अंगावरचं ओझं उतरल्यासारखं मोकळं पळतं, आणि मग परत सातात. प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणजे काय, हे आम्हाला कुठल्या पुस्तकानं सांगितलं नाही. पखवाजवाल्याच्या बोटांनी सांगितलं. रॉकची ठरलेली चाल आणि तीन मिनिटांची चौकट मोडायची, सूर हळूहळू वाढवत न्यायचा, एक अख्खी बाजू एका कल्पनेवर उभी करायची. आलाप आणि विस्तार ऐकायची सवय असलेल्या कानाला हे परकं का वाटावं?

दुसरं कारण विषयाचं. या अल्बमचे विषय काय आहेत? हातातून चाललेला वेळ, पैसा, मरण, डोकं ठिकाणावर न राहणं. यात लंडनचं असं काय आहे? स्पर्धा परीक्षेची चौथी खेप देणाऱ्या मुलाला ‘टाइम’ हे गाणं समजावून सांगावं लागत नाही. अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत १९७३ ते १९८८ या काळात हा अल्बम ७४१ आठवडे होता, म्हणजे चौदा वर्षांहून जास्त. नुसत्या जाहिरातीवर एवढं टिकत नाही. दर दोन-चार वर्षांनी नवी पोरं त्या वयात येतात आणि त्यांना तो आपला वाटतो.

इथवर कौतुक झालं. आता तक्रार.

फेब्रुवारी २००७ मध्ये रॉजर वॉटर्स मुंबईत आला आणि वांद्रे-कुर्ला संकुलात त्यानं हा अख्खा अल्बम वाजवला. आमच्यातले दोघं इथून परभणीला आणि तिथून देवगिरी एक्सप्रेसनं गेले. परत आल्यावर आठवडाभर दुसरा विषय नव्हता. पण त्यांच्या बोलण्यात एक गोष्ट सारखी यायची: “सोलो अगदी रेकॉर्डसारखा वाजवला, फक्त गिल्मर पाहिजे होता.” हजारो माणसं जमली, आणि जे घडत होतं ते ऐकण्यापेक्षा जुन्याशी ताडून बघत होती. चाहता म्हाताराही न होता पहारेकरी होतो, तो असा. गिल्मर खरा की वॉटर्स खरा, १९६८ मध्ये सिड बॅरेट बाहेर पडला तिथंच बँड संपला की काय, हे वाद आम्हीही रात्र रात्र घातलेत. एकदा कॉलेजचा एक मुलगा आमच्या बैठकीत आला. त्याला फक्त ‘अनदर ब्रिक इन द वॉल’ माहीत होतं. आम्ही हसलो. “एवढंच?” असं कुणीतरी म्हटलं. तो परत आला नाही. आज बोलायला उभं राहण्याचं खरं कारण तो मुलगा आहे.

कारण ज्या शुद्ध वारशाचा आम्ही पहारा करत होतो, तो तसा कधी नव्हताच. नावापासून बघा. पिंक अँडरसन आणि फ्लॉइड काउन्सिल हे अमेरिकेच्या कॅरोलायना भागातले दोन काळे ब्लूज गायक. सिड बॅरेटनं त्यांची पहिली नावं जोडली आणि बँडला दिली. म्हणजे हे नावच एका चाहत्यानं उचललेलं. पुढं १९८५ मध्ये वॉटर्स बाहेर पडला, आणि उरलेल्यांनी हेच नाव वापरायचं की नाही यावर कोर्टकज्जा झाला. १९८७ च्या अखेरीस तडजोड झाली. भांडण कशाचं? उसन्या नावाच्या मालकीचं.

आणि ती शब्दांशिवाय गाणारी बाई? तिचं नाव क्लेअर टॉरी. एका रविवारच्या कामाचे तिला ३० पौंड मिळाले. सहसंगीतकार म्हणून श्रेय मिळायला २००४ मध्ये दावा करावा लागला, पुढच्या वर्षी तो मिटला. तीस वर्षं जगभरच्या चाहत्यांच्या अंगावर तिच्या आवाजानं काटा येत होता, आणि आम्ही चार पुरुषांची नावं पाठ करत होतो. अल्बमच्या शेवटी ठोक्यांच्या वर जो बोलण्याचा आवाज येतो, तो बँडमधल्या कुणाचा नाही. ॲबी रोड स्टुडिओच्या दारवानाचा आहे, जेरी ओड्रिस्कॉलचा. आणि ज्या गाण्यावर आम्ही त्या मुलाला हसलो, त्यातला तो कोरस इस्लिंग्टन ग्रीन शाळेतल्या २३ मुलांचा. शाळेला १००० पौंड मिळाले. मुलांची नावं आमच्यातल्या किती जणांना सांगता येतील?

आता घराजवळ येतो. नर्सी आपल्याच जिल्ह्यात, परंपरेनं नामदेव महाराजांचं जन्मगाव. एका रॉक बँडला संतांच्या पंगतीला बसवायचा आमचा अजिबात विचार नाही. प्रश्न फक्त गाणं टिकण्याचा आहे. नामदेवांची ६१ पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत. सातशे वर्षांत मूळ आवाज कुणी ऐकलेला नाही, आणि तो नाही म्हणून भजनाला बसलेला माणूस अडत नाही. ज्याला आवडतं तो टाळ उचलतो. नवा आलेला पोरगा चुकीच्या जागी टाळ वाजवतो, शेजारचा डोळ्यानं खुणावतो, पण “एवढंच येतं?” म्हणून त्याला कुणी उठवत नाही. आणि नामदेवांच्या घरी दासी म्हणून राबणाऱ्या, गंगाखेडच्या जनाबाईंचं नाव त्यांच्या अभंगातच आहे. ते मिळवायला त्यांना कोर्टात जावं लागलं नाही.

पण इथंही सगळं सोपं नाही, हे कबूल करू. नामदेवांच्या गाथेत सोळाव्या शतकातल्या विष्णुदास नामाच्या रचना मिसळल्या गेल्या. प्रेमानं नाव घेतलं की घेणाऱ्याचं स्वतःचं नाव पुसलं जातं, असंही होतं. तेव्हा आपल्याकडं सगळं निर्मळ आणि तिकडं सगळा बाजार, असं म्हणून टाळ्या घेता येणार नाहीत. अभ्यासकाला कुठली रचना कुणाची हे शोधावंच लागतं. टाळकऱ्याला त्यासाठी थांबता येत नाही. चाहत्याला मात्र ही दोन्ही कामं थोडी थोडी करावी लागतात, असं आमचं मत आहे. नावं नीट घ्यायची, सगळ्यांची, दारवानाचंसुद्धा. आणि दार उघडं ठेवायचं.

टिकलेल्या प्रेमाची आमची परीक्षा आता एवढीच आहे. वीस वर्षांत आपल्याला आणखी किती नावं कळली, आणि आपल्यामुळं किती जण बैठकीत आले? पहिल्यात आम्ही कसेबसे पास. दुसऱ्यात नापास, एका मुलानं तरी.

तो मुलगा आता तिशीत असेल. हे ऐकत असेल तर त्याला सांगायचंय, बैठक अजून भरते. तुझं गाणं पहिलं लावू.

थांबतो. कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा.